एक वाजेपर्यंत मॅडम

शिवणाच्या डब्यात बटणं जमतात ना, तसे शिक्षकांकडे किस्से जमतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण डबा उघडला की मूठभर निघतात. मी सांगलीला बरीच वर्षं केमिस्ट्री शिकवली, त्यामुळे माझा डबा भरलेलाच होता. पण खरं सांगू का, तिथं वर्षानुवर्षं जमले नाहीत तेवढे किस्से मला गेल्या जानेवारीतल्या एका आठवड्यात मिळाले. वर्ग म्हणजे चंदीगडजवळच्या झिरकपूरमधल्या आमच्या फ्लॅटचं डायनिंग टेबल. विद्यार्थी दोन, आणि दोन्ही मीच जन्माला घातलेले.

झालं असं. सुहास, म्हणजे माझा नवरा, डेराबस्सीच्या एका औषधाच्या कारखान्यात आहे. त्याच्यामागे आम्ही इकडे आलो आणि माझी नोकरी तिकडेच राहिली. मुक्ता नववीत, निनाद सातवीत. दोघांची शाळा चंदीगडमध्ये आणि शाळेची बस रोज हायवेच्या जाममध्ये. मुलं शाळेत कमी आणि बसमध्ये जास्त बसतात, असं मी बरेच दिवस म्हणत होते. मनात मात्र दुसरंच होतं. लोकांची मुलं मला अजून 'मॅडम, तुमच्यामुळे केमिस्ट्री कळली' असे मेसेज पाठवतात आणि माझी स्वतःची मुलं मला फक्त चार्जर कुठं आहे एवढंच विचारतात. एकदा तरी त्यांनी माझ्याकडे शिकावं आणि म्हणावं, तू भारी शिकवतेस. बास, एवढंच हवं होतं मला.

जानेवारीत धुकं वाढलं, शाळांची सुट्टी आणखी एक आठवडा लांबली आणि मी विषय काढला. एप्रिलपासून शाळा बंद. घरी मी शिकवणार, परीक्षा ओपन बोर्डाची. सुहास कारखान्यातला माणूस, ट्रायल बॅच काढल्याशिवाय काहीही पास करत नाही. तो म्हणाला, "हा आठवडा ट्रायल घे. शनिवारी मुलांना विचारू, शाळा की आई. ते म्हणतील तसं."

मी लगेच हो म्हटलं. निकालाची मला खात्री होती.

* * *

पहिला नियम मी रविवारीच जाहीर केला. सकाळी नऊ ते दुपारी एक मी मॅडम. आई नाही. मोजा सापडत नाही, भूक लागली, ह्यानं मला ढकललं, असलं काही मॅडमना सांगायचं नाही. आई एक वाजता येईल, तिला सांगा.

सोमवारी मी सांगलीची कॉटनची साडी नेसले, वर दोन स्वेटर चढवले, अंबाडा घातला आणि जुन्या कॉलेजचं आयकार्ड गळ्यात अडकवलं. नऊच्या ठोक्याला हजेरी घेतली.

"मुक्ता."

"प्रेझेंट, मॅडम." रजईच्या आतून का होईना, उत्तर आलं.

"निनाद."

आमच्या फ्लॅटमध्ये त्याची खोली आणि डायनिंग टेबल यांच्यामध्ये फक्त एक पॅसेज आहे. तेवढं अंतर कापून साहेब पोचले तेव्हा गणिताचा तास निम्मा झाला होता.

"उशीर का झाला?"

"मॅडम, जाम था."

"जाम? कुठं?"

"बाथरूम के बाहर. पापा अंदर थे."

आमच्या मुलांना मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. त्याची मला सवय आहे. बंद दाराआडून त्यांच्या वडिलांचा "सॉरी, मॅडम" असा आवाज येईल याची नव्हती.

* * *

त्याच दिवशी एक वाजता मी आयकार्ड काढून फ्रिजवर ठेवलं, साडी बदलली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. मुक्ता स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"मम्मी, हमारी मॅडम ना, बहुत पार्शल हैं."

मी लाटणं थांबवलं. "का गं? काय झालं?"

मग सगळं बाहेर आलं. निनादला सोपे प्रश्न, तिला अवघड. निनादचं अक्षर कसंही चाललं, तिला दोनदा लिहायला लावलं. आणि मॅडम शिकवताना पेन्सिलीनं सारखी टकटक करतात, लक्षच लागत नाही. मी म्हणाले, "अगं, तू मोठी आहेस म्हणून अवघड देत असतील."

"देखा? तुम भी मॅडम की साइड ले रही हो."

आता आई म्हणून माझंही काही कर्तव्य होतंच. म्हणाले, "बरं, बोलते मी त्यांच्याशी." एरवी शाळेत काय झालं विचारलं तर "कुछ नहीं" म्हणून खोलीत जाणारी ही मुलगी त्या दिवशी सगळ्या पोळ्या होईपर्यंत माझ्याजवळ उभी राहून बोलत होती. मी मात्र तेवढा वेळ एकाच गोष्टीनं धुमसत होते. मॅडम पार्शल? सांगलीत आजवर कुणी असं म्हटलं नाही!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी निनादला अवघड उदाहरणं दिली आणि पेन्सिल ड्रॉवरमध्ये ठेवली. एक वाजता निनाद ओट्याशी हजर.

"मम्मी, किसी ने मॅडम को मेरे ख़िलाफ़ भड़काया है."

* * *

मंगळवारी मी मोल कन्सेप्ट शिकवलं. हा माझा हुकमी विषय. मी डझनावर उदाहरण दिलं, तांदळाच्या दाण्यांचं दिलं, किन्नूच्या, म्हणजे इकडच्या संत्र्यांच्या, पेटीचं दिलं. मुक्ता मान हलवत होती. मला वाटलं, कळलं.

मधल्या सुट्टीनंतर ती म्हणाली, "मॅडम, अब समझ में आया. सर का वीडियो देखा."

सर म्हणजे मोबाईलमधले सर. हुडी घालून शिकवतात. बोर्डवर लिहिताना मध्येच क्रिकेटचे किस्से सांगतात आणि मुलं हसतात. मी तो व्हिडिओ पाहिला. त्यात डझन होतं. तांदूळ होते. फक्त किन्नूच्या जागी आंबे होते! जे मी सांगितलं तेच तो सांगत होता, आणि माझ्या पोरीला ते त्याच्याकडून कळलं होतं.

मला हेवा वाटला, स्वच्छ सांगते. जेवणं झाल्यावर मी त्याचे व्हिडिओ ओळीनं पाहायला बसले. एकच इच्छा, कुठंतरी चुकावा. समीकरण चुकावं, एखादं चिन्ह तरी चुकावं. सुहास कारखान्यातून परत आला तरी माझं चालूच होतं.

"सापडली का चूक?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग आता काय करतेस?"

"पुढचा चॅप्टर बघतेय. बरा शिकवतो."

* * *

हुडीवाला तरी मोबाईलमध्ये होता. पम्मी आंटी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात.

साठीच्या पुढच्या आहेत, दोन्ही मुलं कॅनडात. घरात एकट्या, आणि आवाज सगळ्या मजल्याला पुरेल एवढा. "मैं तो वैसे भी ख़ाली बैठी हूँ" असं म्हणत त्या दिवसभर काही ना काही रांधत असतात. अकराच्या मधल्या सुट्टीत माझी मुलं दार उघडून थेट त्यांच्याकडे पळायची. मुळ्याचे परांठे, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा, नंतर गजक, म्हणजे तीळगुळाची वडी. वर्गात परत येताना दोघांचे चेहरे असे, की एखाद्या लग्नातून उठवून आणलंय.

बुधवारी मी ठरवलं की बास झालं. मधल्या सुट्टीसाठी मी सकाळी लवकर उठून पोहे केले. सांगलीचे पोहे. ओलं खोबरं, कोथिंबीर, वर लिंबू. अकरा वाजता दोघं उठले आणि पोह्यांच्या शेजारून बाहेर गेले.

परत आले तेव्हा निनादच्या हातात वाटी होती. "आंटी ने आपके लिए भेजा है, मॅडम."

वाटीत पोहे होते. हे पोहे करायला आंटींना मीच शिकवलं होतं, आम्ही राहायला आलो त्या वर्षी. त्यानंतर त्यांनी त्यात मटार घातले, टोमॅटो घातला, गरम मसाला घातला आणि वर पनीर किसलं.

मी चव घेतली. छान होते. तोच तर त्रास होता.

"पोहा ऐसा होता है," निनाद म्हणाला. आणि हे तो मला सांगत होता.

* * *

इतिहासात मी पानिपत घेतलं. मराठी माणसानं पानिपतपासून दोन तासांवर राहावं आणि मुलांना पानिपत नीट माहीत नसावं, हे मला पटत नव्हतं. बुधवारी शेवटच्या तासाला मी जीव ओतून शिकवलं. उपाशी सैन्य, थंडी, यमुनेचं पाणी, संक्रांतीचा दिवस. सांगताना माझाच आवाज भरून आला. निनादनं जांभई दिली.

तेवढ्यात कुकरची रिंग मागायला पम्मी आंटी आल्या. विषय कळल्यावर त्या खूश झाल्या. "पानीपत? मेरा तो मायका है. कल भाई के घर जा रही हूँ. चलो बच्चों, दिखा लाऊँ."

मुलं ताडकन उभी राहिली. मला नाही म्हणता येईना. शाळा असती तर ह्याला फील्ड ट्रिपच म्हटलं असतं. मी दोघांना बजावलं, की युद्धाच्या स्मारकापाशी जा, शांत उभे राहा, डोळे मिटून ते सगळं आठवा आणि आल्यावर मला एक पान लिहून द्या.

गुरुवारी संध्याकाळी गाडी परत आली. मी दारातच उभी होते. "स्मारक बघितलं?"

"गए थे," मुक्ता म्हणाली. "पर इतना कोहरा था, कुछ दिखा ही नहीं. पापा की क़सम, सामने खड़े थे तब भी नहीं दिखा."

"मग दिवसभर काय केलं?"

दिवसभरात त्यांनी आंटींच्या भावाच्या शेतात ट्रॅक्टर चालवला होता, चुलीवरची मक्के की रोटी खाल्ली होती आणि बाजारात जाऊन दोन ब्लँकेटं आणली होती. निनादनं अभिमानानं एक भलीमोठी बरणी माझ्यापुढे धरली.

आमच्या माणसांनी तिथं जीव दिला आणि माझी मुलं तिथून लोणचं घेऊन आली.

निबंधाचं ते पान दोघांनी लिहिलं. मुक्तानं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, पानिपत ही फार प्रेमळ जागा आहे. बरणी आता अर्धी झालीय. मीच जास्त खाल्लं.

* * *

शुक्रवारी धुकं इतकं होतं की सुहासनं कारखान्यात उशिरा येतो म्हणून कळवलं आणि मला म्हणाला, "एक तास मी घेऊ का?"

मी रविवारीच केलेल्या आठवड्याच्या प्लॅनमध्ये शुक्रवारी आम्ल आणि अल्कली लिहून ठेवलं होतं. व्याख्या, तक्ता, उदाहरणं, सगळं तयार. तरी म्हटलं, घे बाबा.

त्यानं हळदीचा डबा आणला, जुन्या रुमालावर हळद चोळली आणि मुलांना म्हणाला, "आता ह्यावर साबण लावा."

रुमाल लालभडक झाला. निनाद खुर्चीवर उभा राहिला. मुक्तानं फोन काढून व्हिडिओ केला आणि मैत्रिणींना पाठवला. मग लिंबू पिळून लाल परत पिवळं. मग दुसरा रुमाल, मग टेबलक्लॉथचं टोक. मुक्ता म्हणाली, "पापा, आप तो छुपे रुस्तम निकले!"

मी कोपऱ्यात उभी होते. ही गंमत ह्या माणसाला कुणी दाखवली, विचारा. आमच्या लग्नात हळदीचा कुर्ता साबणानं धुतल्यावर तो लाल झाला म्हणून हा घाबरून माझ्याकडे आला होता, आणि मी मेंदीचे हात सांभाळत ह्याला पूर्ण केमिस्ट्री समजावून दिली होती. तेव्हा ह्यानं कान टवकारून ऐकलं आणि इतक्या वर्षांनी माझ्याच वर्गात ते वापरलं.

तास संपल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "हे माझं होतं."

"म्हणून तर लक्षात राहिलं," तो म्हणाला आणि जेवणाचा डबा उचलून कारखान्यात निघून गेला. त्यावर धड भांडताही येईना.

* * *

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागत होती. ती म्हणजे घड्याळ.

आमचं भिंतीवरचं घड्याळ टेबलाच्या समोर, फ्रिजच्या वर आहे. वर्ग चालू असताना दोघांचे डोळे सारखे तिकडे. मी अणू सांगतेय, डोळे घड्याळाकडे. मी त्रिकोण काढतेय, डोळे घड्याळाकडे. साडेबारा वाजले की निनाद पाय हलवायला लागायचा. माझ्या वर्गात पोरं घंटा झाली तरी बसून राहायची, आणि इथं माझ्या पोटची पोरं माझ्यापासून सुटायला मिनिटं मोजत होती. एक वाजला की पुन्हा त्या आंटींकडे पळायचं असणार, दुसरं काय?

शुक्रवारी सुहास गेल्यावर मी खुर्चीवर चढले, घड्याळ काढलं आणि मुलांच्या पाठीमागच्या भिंतीवर लावलं. आता बघा म्हटलं.

मग दोघं माना वळवून बघायला लागले.

* * *

शनिवारी निकाल. मी म्हटलं, रीतसर करू. पेरेंट-टीचर मीटिंग ठेवली, वेळ साडेबारा. सुहासनं सुट्टी घेतली आणि इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाच्या पलीकडे पालकांच्या बाजूला बसला. मुलं त्याच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी.

मी आयकार्ड सरळ केलं. "सुरुवात करू या."

"मॅडम, एक मिनट," मुक्ता म्हणाली. "पीटीएम में मम्मी-पापा दोनों चाहिए. स्कूल का रूल है."

"अगं, मी आहे ना इथं."

"आप तो मॅडम हो. मम्मी एक बजे आएगी." नियम माझाच होता. मी बोलायचा विचार करेपर्यंत निनाद दार उघडून बाहेर गेलासुद्धा.

पम्मी आंटींना घेऊनच आला. त्यांना रस्त्यात काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी सगळं मनावर घेतलं होतं. हातावरची कणीक पुसून आल्या होत्या, दुपट्टा नीट डोक्यावर, चेहरा गंभीर. आल्या आणि सरळ माझ्या नवऱ्याशेजारी, माझ्या खुर्चीत बसल्या. शेजारी उभ्या राहिलेल्या निनादच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाल्या, "जी मॅडम जी, बताइए. कैसे हैं हमारे बच्चे?"

हमारे बच्चे! सुहासनं खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. लाल डाग पडलेला, हळदीचा.

मी मॅडमसारखीच बोलले. मुक्ताची केमिस्ट्री चांगली आहे, घाई करते. निनाद हुशार आहे, वेळ पाळत नाही. आंटी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. मग सुहासनं पेन टेबलावर ठेवलं आणि मुलांकडे वळला. "बोला. एप्रिलपासून काय? शाळा की घरी?"

मुक्ता माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, आप सबसे अच्छा पढ़ाती हो. सच में. उन हुडीवाले सर से भी अच्छा."

हे ऐकण्यासाठीच मी सगळा आठवडा साडी नेसून थंडीत कुडकुडले होते. मी म्हणाले, "थँक यू, मुक्ता. मग घरी, ना?"

"स्कूल," ती म्हणाली.

निनादनं मान खाली घालून हात वर केला. "मेरा भी स्कूल."

मी विचारलं, "का? चांगलं शिकवते म्हणता, मग का?"

मुक्ता नखावरचं नेलपॉलिश खरवडत बसली. मला वाटलं, आता माझ्याच्यानं राहवणार नाही, आणि मॅडमनी वर्गात रडायचं नसतं.

तेव्हा पम्मी आंटींनी घसा खाकरला. अजून आईच्याच जागेवरून बोलत होत्या.

"मॅडम जी, बुरा मत मानना. बीच की छुट्टी में मेरे पास आते हैं ना, तो परांठा बाद में. पहले पूछते हैं, आंटी, एक बजने में कितनी देर है? मैंने कहा, पुत्तर, एक बजे ऐसा क्या होता है? कहते हैं, एक बजे मम्मी आ जाती है."

मी मुलांकडे पाहिलं. निनाद मान वळवून पाठीमागच्या घड्याळाकडे बघत होता. एक वाजायला अजून बराच वेळ होता.

मी उठले. टेबलाला वळसा घालून त्या भिंतीशी गेले, खुर्ची ओढली, वर चढले आणि काटा एकवर नेऊन ठेवला. आयकार्ड गळ्यातून काढून फ्रिजवर टाकलं. पम्मी आंटी माझ्या नवऱ्याशेजारी बसलेल्याच होत्या, एक हात निनादच्या खांद्यावर.

"तो अब मैं उठूँ?" त्यांनी विचारलं.

"जी आंटी," मी म्हणाले. "फटाफट."